सुतकात आलेला लसणाचा वास

"दाजी, तोंड उघडा," रावसाहेब म्हणला.

मी उघडलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसा तो वाकला, हुंगला आणि मागं सरकला.

"लसूण. मी काल बी म्हणलतो. लसूणच हाय."

रावसाहेब म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, लिंबागणेशचा. माझी बायको गया जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. घरात सुतक होतं. आमच्यात सुतकात कांदा नाही, लसूण नाही, फोडणीसुद्धा नाही. उकडलेली डाळ, भात, भाकरी, एवढंच. आणि माझ्या तोंडाला आत्ता ठेचलेल्या लसणासारखा वास मारत होता.

"मी काय बी खाल्लं न्हाई," मी म्हणलो.

"मग वास कुठून आला? भिंतीतून?"

"मला म्हाईत न्हाई."

"काल मयताच्या दाखल्यासाठी म्हणून नगरपालिकेत गेलतात. त्याच्या म्होरंच मटणाचं हाटेल हाय."

"हाय. त्याच्या दारावरून गेलतो. आत गेलतो न्हाई."

"म्हातारपणी माणसाची जीभ लई वढाळ व्हती म्हणत्यात."

मी उठून त्याच्या कानाखाली मारली असती. पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि कोपऱ्यात तिचा दिवा जळत होता. मी खाली बसलो.

आता ह्यात अडलं काय, ते सांगतो. आम्हाला मुलगा नाही. एकच मुलगी, मंदा. ती युसूफ वडगावला दिली. म्हणून अग्नी मीच दिला होता आणि दहाव्याला पिंडाला मीच बसणार होतो. रावसाहेब म्हणायला लागला, ज्यानं सुतक मोडलं त्याच्या हातचं पिंड चालत नाही, सुनीलला बसवा. सुनील माझा पुतण्या. चांगला पोरगा आहे. पण गयाला त्यानं वर्षातून एकदा दिवाळीला बघितली असेल. मी तिच्याबरोबर सगळा जन्म काढला. शेवटची दोन वर्षं तिला दम्यानं पाठ टेकता येत नव्हती. रात्रभर मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायचो. आता तिच्यासाठी हातानं करायचं एवढं एकच काम शिल्लक होतं. तेही जायला लागलं.

वास कुठून आला ते नंतर कळलं. ते समजायला माझं काम सांगावं लागेल.

मी सातवी नापास. बीडमधल्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट होतो. कॉलेजात अटेंडंटला सगळे मामा म्हणतात, तसं मलाही म्हणायचे. रिटायर झाल्यावर फिजिक्सच्या नसरीन मॅडमनी मला पुन्हा बोलावून घेतलं. त्यांचं संशोधन चालू होतं आणि खल करायला, भट्टीजवळ बसायला माणूस पाहिजे होता. मॅडम बीडच्याच. वडिलांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. त्या एकदा म्हणल्या होत्या, "मामा, लहानपणी दुकानात बसले की वाटायचं, गाडीची एवढी गरमी नुसती हवेत जाते, हिला कुणी कामाला का लावत नाही?" त्याच्याच मागं त्या लागल्या होत्या.

काम असं. एक प्रकारचा धातूसारखा पदार्थ असतो. त्याला सेमिकंडक्टर म्हणतात. तांब्यासारखा धडाधड करंट सोडत नाही आणि काचेसारखा अडवतही नाही. मधला. त्याची वडी करायची. एक बाजू तापवायची, दुसरी गार ठेवायची. मग त्यातून आपोआप करंट निघतो. थोडासाच निघतो, पण निघतो. त्याला थर्मोइलेक्ट्रिक म्हणतात. चांगल्या वडीची खूण अशी की तिनं करंट जाऊ द्यावा आणि उष्णता अडवावी. उष्णता आरपार गेली तर दोन्ही बाजू सारख्याच तापतात आणि करंट बंद पडतो. ही दोन्ही कामं एकाच वडीकडून करून घेणं लई अवघड. त्यासाठी डोपिंग करतात. म्हणजे मूळ पदार्थात दुसऱ्या पदार्थाची चिमूट टाकतात. दुधाला विरजण लावतात तसं समजा. कमी पडलं तर लागत नाही, जास्त झालं तर आंबट होतं. बरोबर पडलं तर सगळ्या दुधाची जात बदलते.

आमचा मूळ पदार्थ बिस्मथ आणि टेल्युरियम नावाच्या दोन धातूंचा. दोन्ही दिसायला चांदीसारखे, ठिसूळ. मॅडम काट्यावर तोलून द्यायच्या, त्यात डोपिंगची चिमूट टाकायच्या. मी खलात बारीक करायचो. मग ती पावडर साच्यात भरून प्रेसमध्ये ठेवायची. प्रेस म्हणजे दाबायचं आणि तापवायचं यंत्र, आमची भट्टी तीच. आत हवा राहू नये म्हणून पंप लावून हवा ओढून घ्यायची. त्याला व्हॅक्यूम म्हणतात. पंपाजवळ स्टुलावर मी बसायचो. मॅडम पलीकडच्या खोलीत रीडिंग घ्यायच्या.

तर वर्षभर सॅम्पल बिघडत होतं. एक वडी चांगली निघायची. त्याच मापाची दुसरी केली की रीडिंग भलतंच. मॅडमनी चिमूट वाढवली, कमी केली, चिमटीचा पदार्थ बदलला. काही उपयोग नाही. एचओडी साहेब दारात उभे राहून म्हणायचे, "काय मामा, आज दही लागलं का ताक झालं?"

"ताकच हाय, साहेब."

"मग प्या आता."

मॅडम हसायच्या नाहीत. त्यांच्या प्रोजेक्टची मुदत संपत आली होती आणि साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा पैसे मागायला जायचं तर हातात काहीतरी धड पाहिजे.

त्यातच गया गेली. सकाळी मी चहा ठेवला होता. कप घेऊन आत गेलो तर मान कलंडलेली. तो चहा मी कधी ओतून टाकला ते आठवत नाही.

मग सुतक, पाहुणे आणि हा वास.

मी मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या. लिंबाची काडी चावली. मिश्री लावून लावून हिरड्या सोलून निघाल्या. वास जाईना. वास तोंडात नव्हताच, श्वासातून यायचा. घामालाही यायचा. मला स्वतःला तो येत नव्हता, ही त्यातली आणखी एक गंमत. माणसं माझ्याजवळ बसायची आणि जरा वेळानं काहीतरी निमित्त काढून उठून जायची. भिंतीला टेकून मी एकटाच.

मंदा सुरुवातीला माझ्या बाजूनं भांडली. "माझा बाप खोटं बोलत न्हाई. खाल्लं असतं तर तोंडावर सांगितलं असतं," ती म्हणली. खरं आहे. मी तोंडाचा फटकळ. साहेबालासुद्धा तोंडावर बोललेलो आहे. पण दोन दिवसांनी ती भाकरीचं ताट घेऊन आली, माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणली, "आबा, भूक लागलती का?"

"म्हंजे?"

"न्हाई, आळणी खाऊन खाऊन होतं माणसाला. मी कुणाला सांगणार न्हाई. आईसुद्धा रागावली नसती."

रावसाहेबाच्या शिव्या मी पचवल्या होत्या. हे पचलं नाही. पोटची पोर मला माफ करत होती, न केलेल्या गोष्टीबद्दल. मी ताट सरकवलं. ती रडत आत गेली. त्या दिवशी मी जेवलोच नाही. रावसाहेब त्यावरही बोलला, "बाहीर खाल्ल्यावर घरी कशाला भूक लागंल?"

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी नसरीन मॅडम भेटायला आल्या. डोक्यावर ओढणी घेतलेली. चप्पल काढून दाराजवळच बसल्या. मंदानं पाणी दिलं. मग रावसाहेबाला राहवलं नाही.

"मॅडम, तुमच्या मामांना सांगा जरा. सुतकात लसूण खात्यात."

"रावसाहेब, बाहेरच्या माणसाम्होरं नको," मी म्हणलो.

"आता बाहेरचं काय अन् घरचं काय! अख्ख्या गल्लीला वास चाललाय."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मग उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या. "मामा, श्वास सोडा बरं."

"मॅडम, तुमी बी?"

"सोडा ना."

मी सोडला. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, वासानं.

"मामा, हा लसूण नाही," त्या म्हणल्या. "हे टेल्युरियम आहे. ते श्वासातून आत गेलं की शरीर त्याचा असा वायू करून बाहेर टाकतं. आठवडेच्या आठवडे वास येत राहतो. तुम्ही मास्क लावत होता ना?"

"लावतो की. तुमी दिला त्योच."

"मग इतकं आत गेलं कसं?"

हे त्या मला विचारत नव्हत्या. स्वतःलाच विचारत होत्या.

रावसाहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणला, "म्हंजे लसूण न खाता लसूण? मॅडम, हे तुमच्या कॉलेजात शिकिवत्यात का?"

"हो काका, पुस्तकात आहे. थांबा, मोबाइलवर दाखवते."

"मोबाइलमधी काय बी असतंय. परवा त्यात पपईच्या पाल्यानं साखर जाती म्हणून आलतं. आमचा शेजारी पाला खाऊन दवाखान्यात पडला."

"मी त्यांच्याबरोबर काम करते. मी खोटं कशाला बोलू?"

"तुमचा माणूस हाय, तुमी त्याची बाजू घेणारच. आन् वाईट वाटून घिऊ नका, पर सुतकाचं आमचं आमाला कळतं."

मॅडमनी काढलेला मोबाइल परत ठेवला. मंदा म्हणली, "मला पटलं मॅडमचं. आबाच बसतील उद्या." घरातली दोन-चार माणसं माना हलवायला लागली. बाकीची खाली बघत राहिली. भांडलो असतो तर मी बसलो असतो. रावसाहेबानं काही माझे हात बांधून ठेवले नव्हते.

पण रात्री मी विचार केला. दहाव्याला दोन्हीकडचे पाहुणे येणार. मी पिंडाला बसलो तर सगळ्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं. हा खाऊन आलाय का नाही, ह्याचीच कुजबुज. तिचं नाव बाजूला राहणार. तिच्या दहाव्याला लोकांनी माझं तोंड हुंगत बसावं, हे मला नको होतं. सकाळी मी सुनीलला म्हणलो, "तू बस."

"काका, तुमी बसा. मला न्हाई पटत."

"बस म्हणलं ना."

बिंदुसरा नदीच्या काठी त्यानं पिंड दिले. मी लांब बाभळीखाली उभा होतो. भटजींनी तिचं नाव विचारलं तर पोरगं आठवायला लागलं. त्याला ती नुसती काकूच माहीत. मग मी तिथूनच ओरडून सांगितलं, "गयाबाई." सगळ्यांनी वळून बघितलं. तेवढंच माझ्या हातून झालं.

तेरावा उरकला, माणसं गेली. मॅडमचा फोन आला. "मामा, लॅबमध्ये आत येऊ नका. दारापर्यंत या."

गेलो. दारातून त्यांनी दाखवलं. पंप जी हवा ओढतो ती मागच्या बाजूनं सोडतो. त्याला पाइप लावून तो खिडकीबाहेर काढलेला असतो. उन्हाळ्यात लॅबला एसी बसवला. एसीवाल्यानं खिडकी प्लायनं बंद केली आणि पाइपाचं तोंड कपाटामागं सोडून दिलं. वरून दिसायला पाइप भिंतीत गेलेलाच दिसायचा. म्हणजे भट्टीतलं जे काही उडायचं ते खोलीत यायचं. मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. एसीमुळं दारही बंद. आणि स्टुलावर मी.

"पण मामा, खरी गोष्ट पुढं आहे," मॅडम म्हणल्या. "तुमच्या अंगात टेल्युरियम गेलं म्हणजे ते कुठून तरी कमी झालं. कुठून?"

"वडीतून."

"हो. मी काल पावडर भट्टीत घालायच्या आधी तोलली, वडी काढल्यावर ती पुन्हा तोलली. कमी भरली. व्हॅक्यूममध्ये तापवलं की टेल्युरियम उडून जातंय. कधी जास्त, कधी कमी. डोपिंग आपण बरोबरच टाकत होतो. पण मूळ मापच दर वेळी बदलत होतं, तर चिमटीनं काय होणार? दूध उतू चाललं होतं आणि आपण वर्षभर विरजण बदलत बसलो." त्या थांबल्या. "वर्षभर, मामा. आणि तुम्ही समोर बसला होता."

"तुमाला वास कसा आला न्हाई?"

"मी पलीकडच्या खोलीत, मास्क लावून. आणि खरं सांगू? आलाही असेल. पण बीडमध्ये लसणाचा वास कुणाला खटकतो? शिपायाच्या डब्यात ठेचा, साहेबांच्या डब्यात ठेचा."

हे बरोबर होतं. वास आधीही येतच असणार. पण आमच्या घरात रोज लसणाची चटणी. पाटा, उखळ, फडकी, सगळ्यालाच वास. त्यात माझा वेगळा कुणाला कळावा? तो कळायला ज्या घरात लसूण शिवतसुद्धा नाहीत असं घर लागत होतं. ते घर व्हायला गयाला जावं लागलं. हे मी मॅडमना बोललो नाही. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्या बोलता बोलता दुसरीकडं बघायला लागल्या.

त्यांनी मला दवाखान्यात नेऊन तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, वास जाईल आपोआप, बाकी काही नाही. मॅडमनी पाइप पुन्हा बाहेर काढला. टेल्युरियम मापापेक्षा थोडं जास्तच टाकायला लागल्या, जेवढं उडतं तेवढं आधीच भरून. आच कमी केली. व्हॅक्यूमऐवजी भट्टीत आर्गॉन नावाचा गॅस भरला, म्हणजे उडणं कमी होतं. मग पुन्हा डोपिंगची तीच जुनी चिमूट. पहिली वडी चांगली निघाली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. साहेब दारात येऊन उभे राहिले, बघितलं आणि ह्या वेळी दह्या-ताकाचं काही बोलले नाहीत. मॅडमची मुदत वाढली.

मला मात्र आत मनाई झाली. साहेब म्हणाले, "मामा, तुमचं वय झालं. आता बाहेर रजिस्टरवर बसा." बाहेर म्हणजे व्हरांडा. पोरं येतात, सह्या करतात, जातात. घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून जातो.

एकदा मंदा रावसाहेबाला घेऊन कॉलेजात आली. मुद्दाम आणलं होतं, तो काही स्वतःहून येणाऱ्यातला नाही. मॅडमनी त्याला वड्यांची जोडलेली पट्टी दाखवली. एका बाजूला उकळत्या पाण्याचा डबा, दुसऱ्या बाजूला बर्फ. खेळण्यातला पंखा फिरायला लागला.

"बॅटरी कुठं हाय?" रावसाहेबानं टेबलाखाली वाकून बघितलं.

"नाही काका. नुसती गरमी."

"ह्यानं विहिरीवरची मोटर चालंल का?"

"नाही."

"मग?"

"सध्या पंखाच."

"एवढ्यासाठी आमच्या दाजीला लसूण चारला व्हय," तो म्हणला. मग त्यानं कपाटाकडं बोट दाखवलं. "ती पावडर तिथंच हाय का? जरा माझ्या बी जिभंवर टाका. बघू मला वास मारतो का."

मॅडम ओरडल्या, "काका, काहीतरीच काय!"

"न्हाई, टाका. मला बी समदे हुंगू देत."

तो चेष्टा करत नव्हता. जीभ बाहेर काढून उभा होता. मंदानं त्याला हाताला धरून बाहेर आणलं. व्हरांड्यात माझ्या टेबलाजवळ तो उभा राहिला. रजिस्टरकडं बघत म्हणला, "दाजी, वर्षश्राद्धाला तुमीच बसा."

"बसंन."

"मी सांगतो समद्यांना."

"सांग."

तो गेला. वासही आता गेलाय. मंदा आली की जवळ बसते, पण जवळ बसण्याआधी एक क्षण थांबते. तिला ते कळत नाही. मला कळतं.

वर्षश्राद्धाला मी बसेन. पण दहावा परत होत नाही. मॅडमची वडी बिघडली की त्या फेकून दुसरी करतात, वर्षभर केल्या. ह्या कामात ती एक सोय आहे. जे कुणी पंपाजवळ बसत असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, पाइप भिंतीपर्यंत गेलेला दिसला म्हणून गप्प बसू नका. पलीकडं जाऊन बघा, तोंड बाहेर आहे का.